आमची वाटचाल : धायरीचा पत्र्याचा शेड ते दोन लिफ्ट

२००९ साली पुण्यात धायरी फाट्याच्या आत गॅरेजसाठी पत्र्याचा शेड भाड्याने घेतला, तेव्हा आमच्याकडे एक ट्रॉली जॅक, रिंग पान्यांचे दोन सेट आणि मामा, एवढंच भांडवल होतं. मामा माझे सख्खे मामा नव्हेत. एसटीच्या दापोडीच्या कार्यशाळेतून निवृत्त झालेले मिस्त्री. पहिल्याच महिन्यात त्यांनी मला रविवारी जुन्या बाजारात नेलं आणि एक वापरलेला टॉर्क रेंच, म्हणजे किती जोराने आवळलं ते मोजणारा पाना, घ्यायला लावला. भोसरीत त्याचं माप तपासून (कॅलिब्रेट करून) आणल्याशिवाय त्याला हात लावू दिला नाही. तेव्हा फाट्यावरची पोरं हसायची. ड्रेन प्लग (जुनं ऑइल काढायचा खालचा बोल्ट) आवळायला मीटर कशाला, हाताला कळतं की! पण ॲल्युमिनियमच्या ऑइल चेंबरचे आटे एकदा गेले की काय होतं, हे ज्यानं भोगलंय तो हसत नाही. तो रेंच आजही चालू आहे. ड्रेन प्लगचा वॉशर दर वेळी नवा, हाही मामांचाच नियम. दहा-वीस रुपयांच्या वॉशरसाठी आम्ही कधी गिऱ्हाइकाशी घासाघीस केली नाही.

दुसरा नियम माझा. गाडीत ओतलेल्या नव्या ऑइलचं शंभर मिली सॅम्पल छोट्या बाटलीत काढायचं, वर गाडीचा नंबर, किलोमीटर आणि तारीख लिहायची, डब्याच्या बॅच नंबरचा फोटो जॉबकार्डाला जोडायचा. बाटली पुढच्या सर्व्हिसपर्यंत फळीवर. या फळीनेच आम्हाला वाचवलं.

मधली वर्षं बरी गेली. गाडी वर उचलणारी पहिली लिफ्ट आली, स्कॅनर आला, माणसं दोनाची सहा झाली.

डिसेंबर २०२१ मध्ये हिंजवडीला नोकरी करणारे एक साहेब डिझेल एसयूव्ही घेऊन आले. बीएस-६ गाडी, तीन फ्री सर्व्हिस कंपनीत झालेल्या, २०,००० ची आमच्याकडे केली. मॅन्युअलमध्ये लिहिलेलं सी-३ ग्रेडचं ५ डब्ल्यू ३० ऑइल, ओरिजिनल फिल्टर, बिलावर पार्ट नंबरसकट. मार्चमध्ये २३,००० ला गाडी लिंप मोडमध्ये गेली, म्हणजे बिघाड दिसल्यावर इंजिनानं स्वतःच ताकद कमी केली. पिकअप शून्य, डॅशवर डीपीएफचा, म्हणजे डिझेलच्या धुरातली काजळी अडवणाऱ्या फिल्टरचा दिवा. साहेब कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला गेले. त्या सेंटरचं नाव मी घेत नाही. तिथे सांगितलं, डीपीएफ चोक झालाय, बाहेर चुकीचं ऑइल टाकलंय, वॉरंटी बाद. एस्टिमेट १ लाख ३८ हजार.

त्याच संध्याकाळी त्यांच्या सोसायटीच्या ग्रुपवर मेसेज पडला की धायरीच्या गॅरेजनं गाडी घालवली. त्या एका सोसायटीच्या ३१ गाड्या आमच्याकडे यायच्या. पंधरा दिवसांत एकही आली नाही. दुसऱ्या लिफ्टचा पहिला हप्ता त्याच महिन्यात होता. दोन पोरं सोडून गेली. मामांनी पगाराचं पाकीट माझ्या ड्रॉवरमध्ये परत ठेवलं आणि वरून दम दिला, "बिल मागू नको, सफाई देत फिरू नको. गाडी बघायला मिळव."

गाडी मिळवून दिली ती बँकेतल्या काकांनी. बँकेतून निवृत्त झालेले हे काका २०११ पासून सँट्रो घेऊन आमच्याकडे येतात. दर लिटर पेट्रोलची नोंद करणारी त्यांची वही मी पाहिली आहे. तेही त्याच सोसायटीतले. ते साहेबांच्या घरी गेले, म्हणाले, "माझ्या जबाबदारीवर एक दिवस द्या."

आता थोडं कामाचं. डीपीएफमध्ये दोन गोष्टी साठतात, काजळी आणि राख. काजळी रिजनरेशनमध्ये, म्हणजे गाडी फिल्टर तापवून साफ करते तेव्हा, जळते, राख जळत नाही. राख येते ती मुख्यतः ऑइलमधून. म्हणून ऑइलवर संशय घ्यायचा तर राखेचा घ्यायचा, आणि आमचं ऑइल गाडीत जेमतेम ३,००० किलोमीटर चाललेलं. एवढ्यात राखेनं फिल्टर भरत नसतो, हे सर्व्हिस सेंटरवाल्यांना माहीत नव्हतं असं मी मानत नाही. स्कॅनर लावला तर कोड आला पी २४५३, म्हणजे डीपीएफच्या प्रेशर सेन्सरचं रीडिंग पटत नाही. लाइव्ह डेटा लावून इंजिन ३,००० आरपीएमला नेलं. फिल्टर तुंबलेला, तरी दाब शून्याच्या वर हलेना. दाबच दिसत नाही तर फिल्टर भरलाय, काजळी जाळायला हवी, हे ईसीयूला (इंजिनाच्या कॉम्प्युटरला) कळणार कुठून?

गाडी लिफ्टवर घेतली. मामा टॉर्च घेऊन खाली शिरले आणि डीपीएफपासून सेन्सरकडे जाणाऱ्या रबरी पाइपवरून बोट फिरवत गेले. बाकाच्या मागे बोट थांबलं. बाहेर काढलं तर टोक काळं. पाइप वाकवला तेव्हा फट उघडली, नखाएवढी. नुसतं बघून ती कुणाला दिसली नसती. मी पाना उचलला तर मामा ओरडले, "हात लावू नकोस! फोटो काढ आणि आहे तशी पाठव."

मग काकांनी पत्र लिहिलं. २५ ऑगस्ट २०१४ चा भारतीय स्पर्धा आयोगाचा आदेश त्यांनी छापून आणून पेन्सिलीने अधोरेखित केला होता. त्या आदेशात १४ कार कंपन्यांना मिळून अडीच हजार कोटींच्या वर दंड झाला, पुढे अपिलं होऊन तो वर्षानुवर्षं रेंगाळला. पण आमच्या कामाचं वाक्य वेगळं होतं. बाहेरच्या गॅरेजमध्ये काम केलं एवढ्याच कारणाने सरसकट वॉरंटी रद्द करता येणार नाही. बाहेरच्या चुकीच्या कामाने जेवढं नुकसान झालं, तेवढ्यापुरतीच ती नाकारता येईल. पत्राबरोबर पाइपचे फोटो, स्कॅनरचा रिपोर्ट, बिल, बॅचचा फोटो जोडला. शेवटी लिहिलं, ऑइलचं सॅम्पल सीलबंद आहे, कुठल्याही लॅबला द्या. क्लेम नाकारायचा असेल तर कारण जॉबकार्डावर लेखी द्या.

लेखी कुणी दिलं नाही. तिसऱ्या आठवड्यात कंपनीचा एरिया इंजिनिअर येऊन गेला. पाइप, सेन्सर आणि डीपीएफ वॉरंटीत बदलून मिळालं. सॅम्पल कुणी मागितलंच नाही.

तुमची गाडी वॉरंटीत असेल तर ऐका. फ्री सर्व्हिस कंपनीतच करा, त्यात लेबर लागत नाही. रिकॉल आणि सॉफ्टवेअर अपडेट तिथेच. बाहेर याल तेव्हा किलोमीटर किंवा महिने, जे आधी होईल ते पाळा. बिलावर ऑइलची ग्रेड आणि पार्ट नंबर नसेल तर पैसे देऊ नका, मग ते गॅरेज आमचं का असेना. एक्स्टेंडेड वॉरंटीचा कागद वेगळा असतो, त्याच्या अटी वेगळ्या वाचा. हॉर्न नाहीतर लाइटसाठी कुणाला वायरिंग कापू देऊ नका, तिथे आम्हीही तुमची बाजू घेऊ शकत नाही. आणि तोंडी नकार आला तर ग्राहक हेल्पलाइन १९१५.

३१ पैकी १९ गाड्या परत आल्या. साहेब आजही येतात, चहा घेतात, चांगले माणूस आहेत. पण ग्रुपवरचा तो मेसेज त्यांनी मागे घेतला नाही, आणि मी तो विसरलेलो नाही. मामा गेल्या वर्षीपासून गुडघ्यांमुळे फक्त सकाळी येतात. नवीन पोरगा ड्रेन प्लग आवळत असला की खुर्ची ओढून शेजारी बसतात आणि रेंचचा 'टक्' ऐकू आल्याशिवाय उठत नाहीत. त्या एसयूव्हीची बाटली सोडून बाकी सगळ्या बाटल्या वेळच्या वेळी बदलतो. ती एक मी काढू देत नाही.