तुम्ही विचारलंत म्हणून: खरं जेल करून का नाही बघत?

"अगं, पण ते जेल करूनच का नाही बघत? कॉम्प्युटरवर काय दिसणार?" दादरच्या मावशीपासून सेमिनारमधल्या मागच्या बाकापर्यंत सगळे हेच विचारतात. मी कॉम्प्युटरवर जेलच्या मॉडेलचं गणित करते: द्रावणात ठेवलेली मऊ, फुगणारी पट्टी वीज सोडली की कशी वाकेल ते. (मावशीच्या डोळ्यांसमोर 'जेल' म्हटल्यावर आधी आर्थर रोड आलं होतं, ते सोडा.)

उत्तर मला पाठ आहे. पट्टी २ मिलिमीटर जाड. विजेच्या दाबाची (व्होल्टेजची) उडी मात्र तिच्या कडेच्या जेमतेम नॅनोमीटरभर थरात. तिथे कुठली सुई घालणार? समीकरणंच आत जातात.

खोटं नाही हे. पण जुलैतली ती दुपार मी सांगत नाही.

प्रयोगशाळेतल्या मैत्रिणीने माझ्या मॉडेलच्या आलेखावर विसंबून तीन महिने पॉलिअ‍ॅक्रिलिक आम्लाच्या, म्हणजे त्या जेलच्या, पट्ट्या केल्या होत्या. आलेख म्हणत होता, पट्टी कॅथोडकडे (ऋण टोकाकडे) वाकणार आणि तशीच राहणार. कुर्ल्याला रुळांवर पाणी, लोकल बंद. मी भिजून पोचले. तिने करंट सोडला. पट्टी कॅथोडकडे वळली. मी लगेच फोटो काढून गाइडना पाठवलासुद्धा. दहाव्या मिनिटाला पट्टी सरळ झाली. मग निवांतपणे उलट, अ‍ॅनोडकडे (धन टोकाकडे) वाकली.

मैत्रीण काहीच बोलली नाही. इलेक्ट्रोडवर बुडबुडे येत होते. तिने अ‍ॅनोडपाशी लिटमस बुडवला. लाल.

विजेमुळे पाण्याचं विघटन होत होतं. अ‍ॅनोडपाशी आम्ल साठलं, त्या बाजूच्या, जेलच्या साखळ्यांवरच्या कार्बॉक्सिल गटांचा ऋण विद्युतभार गेला, ती बाजू आकसली. शाळेतलं रसायनशास्त्र! माझ्या मॉडेलमध्ये मात्र एक ओळ होती: 'बाहेरचं द्रावण स्थिर मानले आहे.' मीच लिहिलेली. ती नसती तर गणित आठवडाभर चाललं असतं. तिच्यामुळे तीन तासांत सुटायचं.

काहीतरी सोडल्याशिवाय मॉडेल होतच नाही, हे मी आजही भांडून सांगेन. पण काय सोडायचं ते मी जेलकडे बघून नाही, घड्याळाकडे बघून ठरवलं होतं.

आता मॉडेलमध्ये सामू (pH, म्हणजे द्रावण किती आम्लधर्मी ते) धरलाय. पट्टी मॉडेलमध्येही दहाव्या मिनिटाला उलटते, कारण ती उलटेपर्यंत मी विसरणाचा गुणांक (कण किती वेगाने पसरतात तो आकडा) हलवत राहिले. तेव्हाची मी म्हणाली असती, "बसलं की!" बसलं नाही गं, बसवलं. तरी आलेख भिंतीवर लावलाय.

परवा मैत्रिणीने नव्या पट्टीसाठी जाडी विचारली. मी आकडा दिला, सोबत काय काय स्थिर मानलंय त्याची यादीही. तिचा मेसेज आला: "आणि यादीत नाही ते?"

उत्तर अजून दिलेलं नाही.