सुट्टीतला विनोदी पिक्चर मुलांना दाखवावा की नाही: माझा अनुभव

नाताळच्या सुट्टीत भाऊ-वहिनी मुलांना घेऊन मुंबईहून मालवणला आले की एक दिवस सगळ्यांनी पिक्चरला जायचं, हे आमच्याकडे ठरलेलं. यंदा एक नवा विनोदी पिक्चर लागला होता. तो आपल्या मुलांना दाखवण्यासारखा आहे का, एवढंच मला आधी कळायला हवं होतं. ते सांगणारं कोणी भेटेना, आणि त्याचा राग अजून गेलेला नाही.

माझा भाचा बोलताना अडखळतो. शाळेत त्याची नक्कल करतात. वहिनीने आधीच सांगून ठेवलं होतं, "ताई, कुणी तोतरं बोलतंय आणि अख्खं थिएटर हसतंय, असलं काही नको हं."

थिएटरला फोन केला. "एकदम फॅमिली पिक्चर आसा, पोरांका घेवन येवा." तोतरेपणावर विनोद आहेत का? "ता काय म्हायत नाय, पण लोक बरे हसतत." तिकिटाच्या ॲपवर नुसतं 'यूए १३+'. २०२३ च्या कायदा दुरुस्तीनंतर यूएचे ७+, १३+ आणि १६+ असे तीन भाग झाले, हे चांगलंच झालं. यूएला लहान मुलांना दारात अडवत नाहीत, निर्णय आईबापांचा. पण १३ कशामुळे? शिव्या, मारामारी की चावट संवाद? ओटीटीवर २०२१ च्या नियमांमुळे वयाच्या शिक्क्याशेजारी कारणही द्यावं लागतं. मग थिएटरच्या खिडकीवर ते का नसावं?

म्हणून स्वतःच गेले. खिडकीवरच्या मुलाने पोस्टरकडे बोट दाखवलं. पोस्टरच्या कोपऱ्यात जिथे यूए छापलेलं असतं, नेमका तिथेच शोच्या वेळांचा कागद चिकटवलेला. मॅनेजर जेवायला गेले होते, ते येईपर्यंत उन्हात उभी राहिले. आल्यावर त्यांचं उत्तर, "सेन्सॉरने पास केलाय ना, मग काय?" सेन्सॉरच्या मार्गदर्शक सूचनांत अपंगांची टिंगल नको असं लिहिलेलं आहे. अपंगत्वाकडे समजून बघणारा विनोद वेगळा आणि अपंग माणसाला कमी लेखणारा वेगळा, हा फरक सुप्रीम कोर्टाने जुलै २०२४ च्या निकालात स्पष्ट सांगितला. पण या पिक्चरमध्ये काय आहे, हे मला त्यातून कसं कळणार?

आमच्या घरात कुणी सोवळं नाही. जत्रेतल्या दशावतारात संकासुर मालवणीतून काय वाट्टेल ते बोलतो आणि आई पदर तोंडाला लावून हसते. चावटपणाची मला फार धास्ती नव्हती. हसायचं कुणाला, एवढाच प्रश्न होता.

शेवटी कुडाळच्या मामेबहिणीला फोन लावला, तिने पहिल्याच दिवशी बघितला होता. "कसा आहे?" तर "मस्त!" मग नेमकं विचारलं, कुणाच्या बोलण्याची नक्कल केलीय का? थोडं थांबून म्हणाली, "हो गं, मध्यंतरानंतर एक वेटर आहे. हिरो सारखी त्याची नक्कल करतो." बेत तिथेच रद्द. त्यामुळे बघून आलेल्याला 'चांगला आहे का' विचारू नका, तुमच्या घरात जे दुखतं तेच विचारा. ट्रेलरवर तर अजिबात जाऊ नका, त्यात तो वेटर कुठेच नव्हता.

मग घरीच ओटीटीवरचा एक पिक्चर लावला. आदल्या रात्री मी तो एकटीने शेवटपर्यंत बघून घेतला होता. असं करायला वेळ लागतो, पण दुसऱ्या दिवशी भाच्याशेजारी निवांत बसता आलं. १३+ आणि त्यावरच्या गोष्टींना तिथे लॉकची सोय असते, ती मुलं यायच्या आधीच लावा.

आणखी एक. "टीव्हीवर बघितलाय, काही नाही त्यात" असं कुणी सांगितलं तर थांबा. 'ए' प्रमाणपत्राचा, म्हणजे फक्त मोठ्यांसाठीचा पिक्चर टीव्हीसाठी कापून घेतलेला असू शकतो, आणि तुम्ही लावाल तो अख्खा असेल. थिएटरलाच जाणार असाल तर वाटेकडेच्या खुर्च्या मागा, म्हणजे मुलाला घेऊन पटकन बाहेर पडता येतं.