आमची वाटचाल: चोकअप काढता काढता व्हेंटच्या कामापर्यंत

धंदा सुरू केला तेव्हा तुंबलेल्या पाइपात घालायची एक स्प्रिंग, दोन-चार पाने आणि आम्ही दोघं भाऊ, एवढंच होतं. सिंक तुंबलं म्हणून फोन आला की जायचं, ट्रॅप म्हणजे सिंकखालचा पाणी धरून ठेवणारा वाकडा पाइप उघडायचा, तेलकट थर खरवडायचा, पाणी सोडून दाखवायचं आणि निघायचं. पण हळूहळू दिसायला लागलं की पुन्हा पुन्हा बोलावणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांनी नुकतंच किचन नवीन केलेलं असायचं. पाइप नवा, सिंक नवं, आत घाण नाहीच, तरी पाणी रेंगाळत उतरतं, गुडगुडतं आणि मग गटाराचा वास येतो. तिथे स्प्रिंग घालून काय निघणार?

तिथून आम्ही हवेच्या मागे लागलो. पाणी पाइपातून खाली जाताना त्याच्या मागे हवा यावी लागते, आणि तोडफोडीत ही हवा आत आणणारा व्हेंटचा पाइप कापून कोणी भिंतीत गाडून टाकला असेल तर ते पाणी जाता जाता ट्रॅपमधलं पाणीही ओढून नेतं. ट्रॅपमध्ये साधारण 50 ते 100 मिमी पाणी उभं असतं, वास अडवणारं तेवढंच, ते गेलं की गटार थेट किचनमध्ये उघडलं म्हणा ना.

सगळ्यात जास्त त्रास सिंकची जागा बदलली की होतो. सिंक मधल्या ओट्यावर येतं, व्हेंट मात्र जुन्या भिंतीतच राहतो, मग लांब पडलेल्या पाइपाला फिटर भरपूर उतार देतो कारण त्याला वाटतं जास्त उतार म्हणजे पाणी भरभर जाईल. तसं नाही हो! मीटरमागे 2 सेंटीमीटर पुरतात, आणि ट्रॅपपासून व्हेंटपर्यंतचा एकूण उतार पाइपाच्या व्यासापेक्षा जास्त झाला की व्हेंटचं तोंड ट्रॅपमधल्या पाण्याच्या पातळीखाली जातं आणि मग व्हेंट असून नसल्यासारखा, ट्रॅप रिकामा व्हायला लागतो.

दुसरं दुखणं खोल सिंकचं. नवं सिंक खोल घेतलं की त्याचा आउटलेट खाली येतो, भिंतीतला पाइप आहे तिथेच, मग पाणी चढवून न्यायचे प्रकार होतात आणि मध्ये कायम पाणी साचून राहतं. वर कोणी घड्या असलेला फ्लेक्सिबल पाइप लावतो, त्या घड्यांत तेल बसतं. इथे भिंत फोडून आउटलेट खाली घेणं हाच खरा इलाज, टाइल्स लागल्यावर हे ऐकायला कोणालाच आवडत नाही पण आम्ही स्पष्ट सांगतो, अर्धवट काम घेत नाही.

व्हेंट बाहेर काढायला जागाच नसेल तर एअर व्हॉल्व्ह बसवतो, तोही तिथले नियम परवानगी देत असतील तरच. तो ट्रॅपच्या आडव्या पाइपापासून निदान 100 मिमी वर हवा, हात पोचेल असा हवा, आणि तो फक्त हवा आत घेतो, बाहेर सोडत नाही, त्यामुळे इमारतीचा एक तरी व्हेंट वर उघडा असलाच पाहिजे. दोन भांड्यांच्या सिंकला एकामागे एक दोन ट्रॅप लावलेले दिसले तर एक काढतोच, दोघांच्या मध्ये हवा अडकून पाणी थांबतं.

आता निम्म्याहून जास्त कामं ओटा बसायच्या आधीची येतात, आणि मला त्याचं मनापासून समाधान आहे कारण तेव्हा पाइप दोन इंच खाली घेणं म्हणजे काहीच नाही. सिंकचं मॉडेल ठरल्याशिवाय भिंतीतला आउटलेट पक्का करू नका असं आम्ही सुताराला आणि घरमालकाला दोघांनाही सांगतो. काम झालं की दोन्ही भांडी काठोकाठ भरून एकदम सोडतो, आवाज ऐकतो, मग ट्रॅप उघडून आत पाणी टिकलंय का बघतो. आणि भिंत बंद व्हायच्या आधी पाइपांचे फोटो मापांसकट घरमालकाला देतो, पुढे कोणी काही तोडायला घेतलं तर व्हेंट कुठून गेलाय ते त्याला कळावं म्हणून.