माझ्या ड्रोनची हवेतली नंबरप्लेट

अमेरिकेत बहुतेक ड्रोनना उडताना स्वतःची ओळख आणि जागा बिनतारी संदेशाने सांगत राहावी लागते. ह्यालाच रिमोट आयडी म्हणतात. त्यासाठीचं छोटं मॉड्यूल घरी आलं त्या दिवशी ते ड्रोनवर चिकटवायला मला पाच मिनिटंसुद्धा लागली नाहीत. ड्रोन नियमात बसवून उडवायला मात्र तीन शनिवार-रविवार गेले. त्या तीन आठवड्यांत जे जे अडलं त्यातलं बरंचसं खोक्यातल्या कागदावर नव्हतं, म्हणून सविस्तर लिहितोय. अमेरिकेत राहून स्वतः जोडलेले ड्रोन आणि रिमोटची विमानं उडवणारे आपल्यातही आहेत. त्यांच्यापैकी एकाचा जरी एक रविवार वाचला तरी लिहिल्याचं चीज झालं.

मी ओहायोत राहतो. माझा ड्रोन ५ इंची पात्यांचा, फ्रेमपासून मोटरपर्यंत सगळे भाग सुटे आणून घरीच सोल्डर केलेला. बॅटरी धरून वजन साडेसहाशे ग्रॅमच्या आसपास. शिवाय मुलाचं एक फोमचं विमान आहे. २५० ग्रॅमपेक्षा कमी वजनाचा ड्रोन फक्त छंद म्हणून उडवला, तर नोंदणीही लागत नाही आणि रिमोट आयडीही. आमची दोन्ही यंत्रं त्या रेषेच्या पलीकडची.

रिमोट आयडीचा नियम तसा जुना आहे. एफएए म्हणजे इथल्या विमानवाहतूक खात्याने तो जानेवारी २०२१ मध्ये प्रसिद्ध केला. त्याला न्यायालयात आव्हान दिलं गेलं, पण वॉशिंग्टनच्या अपील न्यायालयाने २०२२ साली तो कायम ठेवला. उडवणाऱ्यांवर तो १६ सप्टेंबर २०२३ पासून लागू झाला आणि बाजारात मॉड्यूल पुरेशी मिळत नव्हती म्हणून १६ मार्च २०२४ पर्यंत कारवाईत सवलत मिळाली. ती सवलत असेपर्यंत मी थांबलो. थांबायला नको होतं. आधी सुरुवात केली असती तर वसंतातले चांगले उडवायचे दिवस वाया गेले नसते.

बाजारातून तयार घेतलेल्या बहुतेक नव्या ड्रोनमध्ये रिमोट आयडीची सोय आतच असते. घरी जोडलेल्या ड्रोनला दोनच मार्ग उरतात: बाहेरून मॉड्यूल लावायचं, नाहीतर एफएएने मान्यता दिलेल्या ठरावीक मैदानातच उडवायचं. असं एक मैदान आमच्या क्लबकडे आहे आणि तिथे रिमोट आयडीशिवाय उडवता येतं. पण ते गाडीने पाऊण तास लांब. घराजवळच्या एका शेताच्या मालकाने आम्हाला उडवायची परवानगी दिली आहे, वरचं आकाशही अनियंत्रित हद्दीतलं आहे, म्हणजे ४०० फुटांपर्यंत वेगळी परवानगी लागत नाही. ते शेत सोडायचं नव्हतं, म्हणून मॉड्यूल.

विकत घेताना एक गोष्ट मात्र मी नीट केली. जाहिरातीत ‘नियमानुसार’ लिहिलेलं असणं पुरेसं नसतं. उत्पादकाने एफएएकडे अनुपालनाचं घोषणापत्र दिलेलं असावं लागतं आणि ते मान्य झालेलं असावं लागतं. ती यादी एफएएच्या साइटवर कुणालाही पाहता येते. मला आवडलेलं सगळ्यात स्वस्त मॉड्यूल त्या यादीत सापडेना. ते सोडलं आणि यादीतलं एक, शंभर डॉलरच्या आतलं, मागवलं.

आता खऱ्या विषयाकडे येतो. हे सगळं प्रकरण एका क्रमांकाचं आहे. मॉड्यूल दर सेकंदाला किमान एकदा ब्लूटूथ किंवा वायफायवरून संदेश सोडतं. त्यात मॉड्यूलचा सिरियल नंबर, ड्रोनची जागा, उंची, वेग, उड्डाण जिथून झालं ती जागा आणि वेळ एवढं असतं. तुमचं नाव त्यात नसतं, पत्ता नसतो. हवेत गेलेला नंबर आणि एफएएच्या खात्यात भरलेला नंबर एक असेल तरच ड्रोनचा तुमच्याशी दुवा जुळतो. एक अक्षर चुकलं तरी तुमचा ड्रोन ओळख सांगत फिरतोय आणि ती ओळख कुणाचीच नाही, अशी अवस्था होते.

माझ्याकडे नेमकं ते व्हायला आलं होतं. मॉड्यूलच्या पाठीवर नखाएवढं स्टिकर होतं आणि त्यावर दोन क्रमांक. एक रेडिओ उपकरणाच्या मंजुरीचा, जो कुठल्याही बिनतारी वस्तूवर असतो. तो इथे कामाचा नाही. दुसरा सिरियल नंबर, तांदळाच्या दाण्याहून बारीक अक्षरांत. भिंग घेऊन मी तो वहीत उतरवला आणि मुलाला म्हटलं, तू स्टिकरवरून वाच, मी वहीत ताडून बघतो. मधेच तो थांबला. ‘बाबा, हे शून्य आहे की ओ?’ दोन्ही अगदी सारखं दिसत होतं.

ह्याचं उत्तर क्रमांकाच्या रचनेतच आहे. रिमोट आयडीचे सिरियल नंबर ज्या मानकाप्रमाणे बनतात, त्यात इंग्रजी ओ आणि आय ही दोन अक्षरं वापरतच नाहीत, कारण ती शून्य आणि एकशी गोंधळतात. म्हणजे शंका आली तर ते शून्यच. दुसरी गोष्ट ह्याहून उपयोगी. पहिली चार चिन्हं उत्पादकाची खूण असतात आणि पाचवं चिन्ह पुढे किती चिन्हं आहेत ते सांगतं. १ ते ९ नंतर १० साठी ए, ११ साठी बी, असं करत १५ साठी एफ. आमच्या नंबरात पाचव्या जागी एफ होता, म्हणजे पुढे १५ चिन्हं हवीत. मुलाने वहीतली मोजली. चौदा. मी सलग आलेल्या तीन शून्यांपैकी एक गाळलं होतं. डोळ्यांनी ते कधीच सापडलं नसतं, मोजल्यामुळे सापडलं.

नोंदणी त्या मानाने सोपी. एफएएच्या ड्रोनझोन साइटवर खातं उघडायचं, छंदासाठी उडवणाऱ्यांचा विभाग निवडायचा, ५ डॉलर भरायचे. ही नोंदणी ३ वर्षं चालते आणि मिळालेला एकच नोंदणी क्रमांक तुमच्या सगळ्या ड्रोनना पुरतो. तो ड्रोनच्या बाहेरच्या अंगावर दिसेल असा लिहायचा. माझा मुलगा १२ वर्षांचा, नोंदणीला वय किमान १३ लागतं, म्हणून विमानही माझ्याच नावावर. ट्रस्ट नावाची सुरक्षा परीक्षा मात्र दोघांनीही दिली. ती फुकट असते आणि तिचं प्रमाणपत्र लगेच उतरवून जपून ठेवा, कारण परीक्षा घेणारे त्याची नोंद ठेवत नाहीत. हरवलं तर परीक्षा पुन्हा.

खात्यात ड्रोन जोडताना रिमोट आयडी आहे का असं विचारतात. तिथे ‘ब्रॉडकास्ट मॉड्यूल’ निवडून मॉड्यूलचा सिरियल नंबर भरायचा. फ्लाइट कंट्रोलरचा, म्हणजे ड्रोन सांभाळणाऱ्या सर्किटचा नाही, फ्रेमवरचा नाही आणि वर सांगितलेला नोंदणी क्रमांक तर नाहीच.

पहिल्या शनिवारी एवढं झालं. दुसरा अख्खा शनिवार-रविवार जीपीएसने खाल्ला. मॉड्यूल मी फ्रेमच्या दोन प्लेटांच्या मधल्या फटीत बसवलं होतं. पडलं-आपटलं तरी सुरक्षित राहील असा विचार. शेतावर नेऊन चालू केलं आणि लाल दिवा वीस मिनिटं लालच. चालू झाल्यावर मॉड्यूल स्वतःची तपासणी करतं आणि ती पूर्ण झाल्याशिवाय उडवायचं नसतं. लाल म्हणजे उपग्रह मिळालेले नाहीत.

नवं मॉड्यूल पहिल्यांदा चालू होतं तेव्हा त्याच्याकडे उपग्रहांची काहीच माहिती नसते. प्रत्येक उपग्रह स्वतःच्या कक्षेची बारीक माहिती दर ३० सेकंदांनी पुन्हा पाठवतो, पण सगळ्या उपग्रहांचं एकत्र वेळापत्रक पूर्ण यायला साडेबारा मिनिटं लागतात. म्हणून पहिल्या वेळी धीर धरावा लागतो हे खरं. पण वीस मिनिटांनीही काही नाही म्हटल्यावर दोष जागेचाच होता. कार्बन फायबर रेडिओ लहरी अडवतं, आणि मी तर मॉड्यूलला वरून-खालून कार्बनमध्येच झाकलं होतं. भरीला दोन इंचांवर व्हिडिओ ट्रान्समीटर आणि कॅमेरा, दोघांचाही रेडिओ लहरींचा गोंगाट. उपग्रहाचा सिग्नल जमिनीवर पोचेपर्यंत इतका क्षीण झालेला असतो की शेजारचा एवढासा गोंगाटही त्याला बुडवायला पुरतो.

थ्रीडी प्रिंटरवर एक मऊ ब्रॅकेट छापून मॉड्यूल शेपटीकडे, फ्रेमच्या वर उचलून बसवलं. आतला चौकोनी सिरॅमिक अँटेना आकाशाकडे तोंड करून. दुसऱ्या दिवशी दिवा सव्वा मिनिटात हिरवा झाला. तो हिरवा ठिपका बघून मला पहिल्या उड्डाणाइतका आनंद झाला होता.

मग हवेत खरंच काही जातंय का, ते बघायचं होतं. ह्यासाठी फोनवरची फुकट ॲप आहेत. माझ्या आयफोनवर कोरी पाटी. मला वाटलं मॉड्यूल बिघडलंय. परत पाठवायची तयारीही केली. बायको म्हणाली, ‘अहो, माझ्या फोनवर तरी बघा आधी.’ तिचा अँड्रॉइड. त्यावर अर्ध्या मिनिटात ठिपका उमटला. माझं मॉड्यूल वायफायवरून संदेश सोडतं आणि आयफोन ॲपना ते वायफायचे संदेश वाचू देत नाही. अँड्रॉइडवरही ठिपका अडखळत सरकत होता, कारण अँड्रॉइड वायफाय शोधण्यावर मर्यादा घालतं. डेव्हलपर ऑप्शन्समध्ये जाऊन ती मर्यादा काढली, तसा ठिपका सुरळीत चालू लागला. ॲपवर दिसलेला सिरियल नंबर आणि खात्यातला नंबर आम्ही पुन्हा एकदा अक्षर अक्षर जुळवला. माझ्या मते ही ताडणी केल्याशिवाय कुणीच उडवू नये, कारण तुमचं मॉड्यूल काय बोलतंय हे दाखवणारा दुसरा पुरावा नाही.

ॲपवर उंची बघून पुन्हा धस्स झालं. नकाशाप्रमाणे शेत समुद्रसपाटीपासून २६२ मीटरवर, ॲप दाखवत होतं २२९. तेहतीस मीटरचा फरक! ह्यात चूक कुणाचीच नव्हती. नियमात मागितलेली उंची भौमितिक आहे, म्हणजे पृथ्वीचा जो गुळगुळीत लंबगोल आकार जीपीएस गृहीत धरतो त्याच्यापासून मोजलेली. समुद्रसपाटी त्या आकाराशी सगळीकडे जुळत नाही. आमच्या भागात ती त्याच्या तीसेक मीटर खाली आहे, म्हणून आकडा तेवढा कमी येतो. तुमच्याकडे असा फरक दिसला तर मॉड्यूल बदलायला धावू नका.

तिसऱ्या शनिवारी आणखी एक गोष्ट कळली, आणि ती मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. आत सोय असलेला ड्रोन पायलटची आत्ताची जागा सांगतो. मॉड्यूल उड्डाणाची जागा सांगतं, आणि माझं मॉड्यूल ती पहिल्यांदा उपग्रह मिळाले त्या क्षणी पक्की करतं. मी वेळ वाचावा म्हणून गाडीशीच ते चालू केलं आणि चालत शेताच्या मध्यावर गेलो. ॲपवर उड्डाणाची जागा म्हणून गाडी! ही जागा १०० फुटांच्या आत बरोबर असावी असा नियम आहे. आम्ही त्याहून बरेच लांब होतो. आता मी आधी उडवायच्या जागी मॅट टाकतो, ड्रोन त्यावर ठेवतो आणि मगच मॉड्यूल चालू करतो. शेताच्या दुसऱ्या टोकाला गेलो तर बंद करून पुन्हा चालू.

ही जागा जवळच्या कुणालाही फोनवर दिसू शकते. नोंदणीचा तपशील एफएए आणि अधिकृत पोलिसांकडेच राहतो, पण नकाशावरचा ठिपका सगळ्यांना दिसतो. घराच्या मागच्या अंगणातून उडवलं की तो ठिपका म्हणजे तुमचं घर. नियमाच्या हेतूबद्दल माझी तक्रार नाही. माझ्या डोक्यावरून कुणाचा ड्रोन गेला तर तो कुणाचा हे यंत्रणेला कळावं, असंच मलाही वाटतं. पण रस्त्याने जाणाऱ्या कुणालाही उडवणाऱ्याची जागा दिसावी, हे मला पटलेलं नाही. एकटीने उडवणाऱ्या मुलींचा विचार केला तर अजिबातच नाही. मी अंगणातून उडवणं बंद केलं.

मॉड्यूल लावलेला ड्रोन उडवणाऱ्याच्या नजरेच्या टप्प्यात राहायला हवा. ड्रोनच्या कॅमेऱ्याचं चित्र दाखवणारे गॉगल लावून उडवताना ड्रोन थेट दिसत नाही, म्हणून त्यावर नजर ठेवणारा निरीक्षक शेजारी उभा लागतो. ते काम आमच्याकडे बायकोकडे. ‘डावीकडे झाडं आहेत हं, थोडं वर घ्या’ असं तिचं चालू असतं, आणि त्या शनिवारी दुपारी आम्ही एकामागून एक चार बॅटऱ्या संपेपर्यंत उडवलं. मॉड्यूलला स्वतःची छोटी बॅटरी आहे. त्यामुळे ड्रोनची बॅटरी बदलताना ते चालूच राहतं आणि उपग्रहांसाठी पुन्हा थांबावं लागत नाही. मॉड्यूल घेताना ही सोय असलेलंच घ्या.

छंदासाठी उडवणाऱ्याला एकच मॉड्यूल आलटून पालटून अनेक ड्रोनवर वापरता येतं. फक्त प्रत्येकाची खात्यात वेगळी नोंद हवी आणि तोच सिरियल नंबर हवा. चौथी बॅटरी संपल्यावर शेतातच बसून मुलाच्या विमानाची नोंद फोनवरून भरली. ह्या वेळी नंबर त्याने टाइप केला, मी मोजला. पाचव्या जागी एफ, पुढे पंधरा. मग ड्रोनच्या शेपटीवरचं वेल्क्रो सोडवून त्याने मॉड्यूल विमानाच्या पाठीवर लावलं, विमान मॅटवर ठेवलं आणि दिवा हिरवा होईपर्यंत त्याच्यासमोर उकिडवा बसून राहिला.