पातेलं गॅसवर होतं

सकाळी साडेसातला टिळकवाडीतून काकूंचा फोन आला. "ओ, लौकर या की. टाकीत गोम झालीय. मासा खाल्ला तिनं. दगड उकळायला ठेवलेत."

शेवटचं वाक्य ऐकलं आणि माझी झोप उडाली. "गॅस बंद करा आधी! खिडक्या उघडा!" एवढं ओरडून चहा तसाच टाकला आणि गाडीला किक मारली.

बेळगावात खाऱ्या पाण्यातल्या माशांच्या टाक्या सांभाळणं हा तसा उफराटाच धंदा. गाव समुद्रसपाटीपासून साधारण 750 मीटर वर, समुद्र चोर्ला घाट उतरून पलीकडे. मीठ पाकिटातलं, पाणी आरओचं. खारेपणा मोजायच्या रिफ्रॅक्टोमीटरवर 1.025 दिसलं की आमचा समुद्र तयार. काकूंची टाकी 4 फुटी, त्यात दोन क्लाऊनफिश आणि एक फायरफिश. महिन्यापूर्वी पुण्यात एकानं टाकी मोडली तेव्हा त्याचा लाइव्ह रॉक, म्हणजे भोकाभोकांत जिवाणू-किडे वस्तीला असलेला समुद्री दगड, मीच आणून यात घातला होता. असला दगड वेगळ्या टबात चार-सहा आठवडे ठेवून रात्री टॉर्चनं तपासायचा असतो. मी नुसता खाऱ्या पाण्यात हलवला आणि लावला. गिऱ्हाईक घाई करत होतं, असं तेव्हा मी स्वतःलाच सांगितलं.

पोचलो तर पातेल्यातलं पाणी नुकतं कोमट झालेलं. आत तीन दगड, आणि एकावर शर्टाच्या बटणाएवढे झोअँथिड, म्हणजे दगडाला चिकटून राहणारे फुलासारखे समुद्री जीव, तोंड मिटून बसलेले. भीती होती ती यांची. यांच्या काही जातींत पॅलिटॉक्सिन नावाचं जहाल विष असतं. उकळून ते मरत नाही. उलट वाफेबरोबर घरात पसरतं, आणि श्वासातून गेलं की ताप, खोकला, दम. असे दगड उकळून माणसं दवाखान्यात भरती झाल्याच्या घटना परदेशात घडल्यात. हातमोजे घालून दगड खाऱ्या पाण्याच्या बादलीत काढले, तेव्हा कुठं माझा जीव भांड्यात पडला.

पण त्या पातेल्यानं एक काम सोपं केलं होतं. गोडं पाणी सोसेना म्हणून किडे दगडाच्या भोकांतून बाहेर पडून तळाशी वळवळत होते. गुलाबी-तपकिरी, बोटभर लांब. काकूंचा मुलगा मागनं म्हणाला, "बॉबिट वर्म आहे काय ओ? यूट्यूबवर बघितलाय मी." बॉबिट म्हणजे दडून बसून मासे पकडणारा समुद्री किडा. पोराची भीती अगदीच पोकळ नव्हती. 2009 मध्ये इंग्लंडमध्ये न्यूकी इथल्या मत्स्यालयात दगड उपसल्यावर 4 फुटी समुद्री किडा सापडला होता, मासे गायब व्हायला लागले होते म्हणून.

एक किडा चिमट्यानं बशीत घेतला. बॉबिटच्या डोक्यावर पाच मिशा असतात, जबडा कात्रीसारखा, अंगावर इंद्रधनुष्यासारखी झाक. इथं तसलं काही नाही. भिंगातून अंगाची कडी न् कडी दिसत होती, आणि प्रत्येक कडीच्या दोन्ही बाजूंना पांढऱ्या केसांचा झुबका. साधा ब्रिसल वर्म. हा उरलंसुरलं खाणारा, टाकीचा झाडूवाला. बशी सरकवताना माझं उघडं मनगट त्याला घासलं आणि खाजकुयली लागल्यागत आग झाली. चिकटपट्टी लावून ओढली, केस निघाले, वर व्हिनेगर चोळलं.

"मग मासा कुठं गेला?" काकू.

टाकीमागं भिंतीवरून मुंग्यांची रांग खाली उतरत होती. कॅबिनेट पुढं ओढलं. फायरफिश तिथं, सुकटासारखा वाळलेला. दचकला की उडी मारणारा मासा हा, आणि काचेच्या झाकणाला वायरीसाठी ठेवलेली फट तीन बोटांची. तीही मीच ठेवलेली.

राहिला प्रश्न, महिन्यात एवढे किडे कसे वाढले? खायला मिळतं तेवढेच ते वाढतात. खाद्याची डबी हलवली तर तळाशी खडखडाट. तीन महिने पुरायला हवी होती ती. सोप्यातून आजींचा आवाज आला, "सकाळचं एकदाच घालतात बाई ही. उपाशी राहतील की मुकी जनावरं. मी घालते दुपारी, संध्याकाळी थोडं."

झाकणाला भोकं पाडलेल्या बाटलीत कोळंबीचा तुकडा घालून रात्री तळाशी ठेवली. सकाळी आठ मोठे किडे सापडले, ते काढले. बाकीचे राहू दिले. कापायचे मात्र नाहीत, तुटलेला पुष्कळदा पुन्हा वाढतो. फटीला जाळी लावली आणि डबी फ्रिजवर, आजींचा हात पोचणार नाही अशी.

निघताना आजींना समजावलं, आता एकदाच, चिमूटभर. त्यांनी मान हलवली, मग बशीकडं बघून विचारलं, "आणि मग यांनी काय खायचं?"