सपोर्टला माणसं मिळाली, पण त्या एका रकान्याने जीव काढला

आयटी सपोर्टला माणसं वाढवून मागताना मॅनेजरला पटवायला वेळ लागला नाही, तो रोज बघतोच. एचआरचंही पटकन झालं. अडकलं ते फायनान्सकडे, आणि तो राग अजून गेलेला नाही.

त्यांच्या मंजुरीच्या फॉर्मात एक रकाना होता, या पदामुळे उत्पन्न किती वाढेल. सपोर्टचा माणूस काही विकत नाही, मग तिथे लिहायचं काय? रिकामा सोडला तर फॉर्म परत, 'लागू नाही' लिहिलं तरी परत. तुंबलेली तिकिटं, म्हणजे सपोर्टकडे नोंदवलेल्या तक्रारी, दाखवली तर म्हणाले एसएलए (तक्रार सोडवायची ठरलेली मुदत) पाळला जातोय की, मग अडचण काय. अहो, पाळला जातोय कारण पोरं जेवण टाकून, रात्री घरून तिकिटं बंद करतायत, आणि कितीतरी कामं तिकिटात येतच नाहीत, लोक 'दोनच मिनिटं' म्हणत लॅपटॉप पुढ्यात आणून ठेवतात, ते कुठल्या रिपोर्टात दिसणार?

शेवटी त्याच रकान्यात वाया जाणारे तास लिहिले. तिकीट उघडल्यापासून बंद होईपर्यंतचा सगळा वेळ धरू नका, ते लगेच खोडून काढतात, कारण तेवढा वेळ माणूस काही रिकामा बसलेला नसतो. काम पूर्ण ठप्प होतं तेवढीच तिकिटं काढली, म्हणजे लॉगिन होत नाही, व्हीपीएन (बाहेरून ऑफिसच्या नेटवर्कला जोडणारी सोय) लागत नाही, नवीन माणूस रुजू झाला पण लॅपटॉप तयार नाही, आणि ते तास गुणिले त्या विभागाचा ताशी पगारखर्च. सगळ्यात वर फायनान्सचीच मंथ एंडची तिकिटं ठेवली. मग हलली फाईल.

हो, त्याआधी पासवर्ड रीसेट सेल्फ सर्व्हिसवर, म्हणजे लोकांना स्वतःच करता येईल असं, टाकून घ्या, नाहीतर 'हे ऑटोमेट का नाही करत' इथेच मीटिंग संपते. जागेवर येऊन सांगितलेल्या कामाचंही तिकीट टाकायची सवय टीमला लावा, आकडे त्यातूनच येतात.

पॅचिंग, म्हणजे सुरक्षेचे अपडेट लावणं, मागे पडतंय हेही लिहा. वॉनाक्राय हा फाईली लॉक करून खंडणी मागणारा व्हायरस मे 2017 ला पसरला तेव्हा मायक्रोसॉफ्टचा पॅच मार्चमध्येच आलेला होता, ज्यांनी लावला नाही ते अडकले. हा मुद्दा टाकल्यावर सिक्युरिटीवाले ठामपणे आमच्या बाजूने बोलले.

एक कायम आणि एक कंत्राटी जागा मंजूर झाली, आणि पोरं आता वेळेवर घरी जातात याचा मला फार आनंद आहे. मंजुरी आली की जाहिरात लगेच टाकायला लावा, बऱ्याच ठिकाणी आर्थिक वर्ष संपलं की न भरलेली जागा परत जाते.