चुकलेला पांढरा: घरातल्या दिव्यांखालची नोंदवही

ज्या चुकीतून फोटो चांगला आला ती चूक हवी तेव्हा पुन्हा करता येते का, एवढाच या नोंदींचा प्रश्न. व्हाइट बॅलन्स म्हणजे कुठला रंग पांढरा धरायचा हे ठरवणारी कॅमेऱ्याची सेटिंग, आणि ती ऑटोवर ठेवून लागलेला मटका सहसा पुन्हा लागत नाही. चौकटीत लाल पडदा थोडा जास्त आला की कॅमेरा आपला अंदाज बदलतो आणि पांढरा सरकतो. म्हणून ऑटो बंद, आकडा केल्विनमध्ये (उजेडाच्या रंगाचं माप, दिव्याचा आकडा कमी तर उजेड नारिंगी, जास्त तर निळा) हाताने, आणि फाइल रॉ (सेन्सरची कच्ची नोंद) अधिक जेपीईजी. रॉमध्ये व्हाइट बॅलन्स हा नुसता शेरा असतो, कधीही बदलता येतो. जेपीईजीत तो शिजून पक्का झालेला असतो, त्यामुळे मूळ चूक नेमकी काय होती याचा पुरावा जेपीईजीच.

दिव्याचा खरा आकडा

खोक्यावर २७०० केल्विन छापलेलं असतं, पण दिवा जुना असेल किंवा कापडी शेडमध्ये असेल तर त्यावर विसंबू नये. बाकीचे सगळे दिवे बंद करा, पडदे ओढा, त्या एकाच दिव्याखाली ग्रे कार्डाचा (कुठल्याच रंगाकडे न झुकणारं राखाडी कार्ड) रॉ फोटो घ्या आणि सॉफ्टवेअरमधल्या ड्रॉपरने कार्डावर टिचकी मारा. दोन आकडे मिळतात, केल्विन आणि टिंट (हिरव्याकडे की मॅजेंटाकडे, म्हणजे जांभळट गुलाबीकडे, किती झुकाव). दोन्ही लिहून ठेवा, सोबत सॉफ्टवेअरचं नावही. एकच रॉ फाइल दोन सॉफ्टवेअरमध्ये उघडली तर आकडे वेगळे दिसू शकतात, कारण प्रत्येकाचं कॅमेरा प्रोफाइल वेगळं. तारेचा बल्ब डिमरवर असेल तर डिमरची जागाही नोंदवा, मंद केल्यावर तो आणखी लाल होतो. एलईडी मात्र साधारणपणे मंद झाला तरी रंग बदलत नाही.

केल्विनची वजाबाकी फसवते

२७०० वरून ३७०० ही उडी डोळ्याला प्रचंड दिसते. ६५०० वरून ७५०० जेमतेम कळते. म्हणून हिशेब मायर्डमध्ये करायचा: १०,००,००० भागिले केल्विन. पहिली उडी १०० मायर्डची, दुसरी फक्त २१ ची. चूक म्हणजे दिव्याचा मायर्ड वजा कॅमेऱ्याचा मायर्ड. उत्तर अधिक आलं तर फोटो नारिंगी, उणे आलं तर निळा. ही एक संख्या जपली की तोच रंग दुसऱ्या खोलीत, दुसऱ्या दिव्याखाली उभा करता येतो. कॅननच्या कॅमेऱ्यांत निळा-अंबर दुरुस्तीचं एक घर साधारण ५ मायर्डचं असतं, त्यामुळे बारीक फेरफारही याच भाषेत बसतात.

खिडकी आणि पिवळा दिवा एकाच चौकटीत (जमलं)

सगळ्यात रसाळ अपघात हाच. खिडकीतून ढगाळ उजेड, समजा ६००० केल्विन, म्हणजे १६७ मायर्ड. आत २७०० चा दिवा, म्हणजे ३७० मायर्ड. एकाच सेटिंगने दोन्ही पांढरे होणं शक्यच नाही, आणि तो हट्ट सोडला की फोटो सुधारतो. पण मधला आकडा कुठला? केल्विनची सरासरी ४३५० येते आणि तिथे नारिंगीच वरचढ दिसतो, कारण दिवा अधिक १४० आणि खिडकी उणे ६३. मायर्डचा मध्य २६८ च्या आसपास, म्हणजे ३७०० केल्विन. इथे खिडकी जितकी निळी तितकाच दिवा नारिंगी.

रंगांचा तोल सांभाळला तरी उजेडाचा तोल वेगळा सांभाळावा लागतो. दिवसा खिडकी कितीतरी स्टॉप (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा) वर असते आणि नारिंगी धुऊन जातो. सूर्य मावळल्यावर थोडा वेळ असा येतो की दोन्ही जवळपास सारखे. स्पॉट मीटरने (चौकटीतल्या छोट्या ठिपक्याचाच उजेड मोजणारं मीटर) दिव्याखालचा चेहरा आणि खिडकीतलं आभाळ मोजत राहा, आभाळ एक स्टॉप खाली आलं की सुरुवात करा. आयएसओ ८००, एफ/२.८, १/५० सेकंद ही चाचणीची सुरुवात, पुढे मीटर सांगेल तसं.

यात हमखास बिघडते ती दिव्याची शेड. नारिंगी उजेडात लाल चॅनेल आधी फुटतो (कमाल मर्यादेला टेकून तपशील हरवतो), मग हिरवा, आणि छान नारिंगी शेड लिंबासारखी पिवळी होते. कॅमेऱ्यावरचा हिस्टोग्राम (फोटोतल्या उजेडाचा आलेख) जेपीईजीवरून काढलेला असतो, त्यामुळे व्हाइट बॅलन्स बदलला की तोही बदलतो. उजेडाचा एकत्रित आलेख न बघता आरजीबी (लाल, हिरवा, निळा वेगवेगळे दाखवणारा) हिस्टोग्राम लावा, लाल उजव्या भिंतीला टेकला तर एक्स्पोजर २/३ स्टॉप कमी. याची किंमत निळ्या चॅनेलमध्ये मोजावी लागते. तिथे आधीच सिग्नल तोकडा असतो, सावल्या उचलल्या की कण दिसतात.

बल्बचं चिन्ह चुकून राहिलं (जमलं, पण जेल हवा)

आतलं शूटिंग आटोपून बाहेरच्या उजेडात आल्यावर बल्बच्या चिन्हाचं ३२०० केल्विन तसंच राहिलं की सगळं निळं होतं: बाहेरचा उजेड ५५०० धरला तर १८२ मायर्ड, वजा कॅमेऱ्याचे ३१३, उणे १३१. आख्खा फोटो निळा म्हणजे नुसती चूक, फक्त पार्श्वभूमी निळी म्हणजे फोटो. त्यासाठी फ्लॅशवर नारिंगी सीटीओ जेल (उजेड उबदार करणारा पारदर्शक रंगीत पापुद्रा). ली कंपनीचा २०४ क्रमांकाचा पूर्ण सीटीओ अधिक १५९ मायर्डचा, २०५ अर्धा अधिक १०९ चा, २०६ पाव अधिक ६४ चा. ५५०० च्या फ्लॅशवर पूर्ण लावला की ३४१ मायर्ड, कॅमेऱ्यापेक्षा २८ ने उबदार, त्वचेला तेवढं शोभतं. अर्धा लावला तर २९१, चेहरा किंचित थंड. पातळ जेल एकावर एक ठेवले तर मायर्डची सरळ बेरीज होते, ही मोठी सोय.

पूर्ण सीटीओ पाऊण स्टॉपहून थोडा जास्त उजेड खातो, फ्लॅश तेवढा वाढवा. सभोवतालचा उजेड शटरने एक ते दीड स्टॉप खाली. शटर सिंक वेगाच्या (फ्लॅशसोबत चालणारा सर्वात जलद शटर वेग) आतच ठेवायचं, नाहीतर चौकटीत काळा पट्टा येतो. गालाच्या कडेला अचानक निळी रेघ दिसली तर जेलच्या फटीतून पांढरा उजेड गळतोय, चिकटपट्टीने चारही कडा बंद करा. भर उन्हात हा प्रकार करू नये, कडक सावल्यांसकट निळा दिवस म्हणजे खोटी रात्र दिसते.

ट्यूबलाइटचा हिरवा

हा केल्विनच्या पट्टीवर नसतोच. ट्यूबमधल्या पाऱ्याची ५४६ नॅनोमीटरची ठळक रेघ हिरव्यात पडते, म्हणून निळा-नारिंगी कितीही हलवलं तरी तो हटत नाही, टिंट मॅजेंटाकडे न्यावा लागतो. आणि अपघात इथेच दडलाय: ट्यूबखालची खोली मॅजेंटाने नीट केली की खिडकीबाहेरच्या संध्याकाळच्या आभाळावरही तोच मॅजेंटा चढतो, निळं आभाळ जांभळं होतं. आत दुरुस्ती, बाहेर रंगकाम. फक्त त्या खोलीत साधा फ्लॅश मारू नका, चेहरे गुलाबी होतील. मारायचाच तर त्यावर प्लस ग्रीन (हिरवट) जेल, ली २४४.

जुन्या चोकवाल्या ट्यूबखाली १/२५० ने सलग फोटो काढले तर प्रत्येकाचा रंग वेगळा येतो. ५० हर्ट्झच्या विजेवर उजेड सेकंदाला १०० वेळा धडधडतो आणि त्या धडधडीत रंगही हलतो. सुंदर वगैरे काही नाही, नुसता ताप. ५० हर्ट्झला १/५० किंवा १/१००, ६० हर्ट्झला १/६० ठेवा. स्वस्त डिमरवरच्या एलईडीचे आडवे पट्टे इलेक्ट्रॉनिक शटरवर जास्त छळतात, तिथे मेकॅनिकल शटर लावून पाहा.

चुकीच्या कागदावर कस्टम (अर्धवट)

कस्टम म्हणजे कार्डाचा फोटो दाखवून कॅमेऱ्याला पांढरा ठरवायला लावणं; त्यासाठी ग्रे कार्डाऐवजी साधा पांढरा कागद वापरला की खिडकीच्या उजेडात फोटो किंचित उबदार येतो. कागदातली चकाकीची रसायनं अतिनील उजेड शोषून निळा उजेड सोडतात, कॅमेरा तो निळा काढायला पिवळा मिसळतो. पांढऱ्या एलईडीत अतिनील जवळपास नसतोच, म्हणून तोच कागद तिथे वेगळा वागतो आणि खोली बदलली की हा प्रकार हाती लागत नाही. त्यापेक्षा फिकट निळा कार्डबोर्ड बरा, तो कुठेही उबच देतो. गडद निळा घेऊ नका, बरेच कॅमेरे तो वाचायला नकारच देतात. किती फिकट म्हणजे किती मायर्ड, हे अजून मोजायचं आहे: एकाच दिव्याखाली आधी ग्रे कार्ड, मग निळ्याच्या चार छटा, प्रत्येकीवर कस्टम लावून पुन्हा ग्रे कार्डाचा फोटो.